मिकी राजा हरवला त्याची गोष्ट

गेल्या दिवाळीत दाजींनी, म्हणजे आमच्या ताईच्या यजमानांनी, माझ्यावर एक कामगिरी सोपवली. भाचा बारावीला. परीक्षा चार महिन्यांवर आलेली, आणि चिरंजीवांनी घरात जाहीर करून टाकलेले की, मला इंजिनीअर व्हायचे नाही. पुण्याला जाऊन संगणकावरचे खेळ तयार करायला शिकायचे आहे. दाजी मला म्हणाले, "तुम्ही कॉलेजात रोज शंभर पोरांना गप्प बसवता. हा एकटा तुम्हाला काय जड?" आमच्या वर्गांची खरी स्थिती दाजींना ठाऊक नाही, हे बरेच आहे.

भाऊबीजेला ताई नगरला माहेरी आली, तिच्याबरोबर हाही आला, आणि संगणक पाठीवर घेऊनच आला. मी मनाशी उपदेशाचे चार परिच्छेद तयार ठेवले होते. निदान ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याचे नाव तरी माहीत असावे, म्हणून त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. पाहतो तो काय, पडद्यावर डोनाल्ड बदक! नव्वदीच्या दशकात दर रविवारी दूरदर्शनवर आम्ही 'डक टेल्स' हिंदीतून पाहत होतो, त्याच घराण्यातला हा. निळा डगला, डोक्यावर टोपी, हातात जादूची काठी. त्याच्या शेजारी गूफी, ढाल घेऊन. आणि पलीकडे माणसाएवढी तलवार खांद्यावर टाकून उभा असलेला एक गंभीर चेहऱ्याचा तरुण.

"हा कोण रे?"

"तो क्लाउड. 'फायनल फॅन्टसी'तला. मामा, उभ्या उभ्या नाही कळायचं. बस खाली."

मी बसलो. उपदेशाचे परिच्छेद तिथेच राहिले.

खेळाचे नाव 'किंगडम हार्ट्‌स'. त्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. टोकियोतील 'स्क्वेअर' ही कंपनी १९८७ पासून 'फायनल फॅन्टसी' या मालिकेचे खेळ काढीत होती. निन्टेन्डोचा 'सुपर मारिओ ६४' हा खेळ १९९६ साली आला आणि त्यातले मोकळे हिंडणे-बागडणे पाहून स्क्वेअरमधल्या मंडळींना वाटले, असे काही आपणही करावे. पण मारिओच्या तोडीचे, साऱ्या जगाने ओळखावे असे पात्र आणायचे कुठून? तसे पात्र फक्त डिस्नेकडे, असे म्हणून दोन वडीलधारे बोलत बसले होते. तेत्सुया नोमुरा नावाच्या तरुण चित्रकाराने ते ऐकले आणि तो म्हणाला, "हे काम मला द्या." त्याने तोवर एकही खेळ स्वतः दिग्दर्शित केलेला नव्हता.

आता योगायोग पाहा. डिस्नेची जपानमधील कचेरी त्या वेळी स्क्वेअरच्याच इमारतीत होती. निर्माते शिंजी हाशिमोतो यांची आणि डिस्नेच्या एका अधिकाऱ्याची गाठ पडली ती लिफ्टमध्ये! विषय निघाला, आणि कराराच्या वाटाघाटी पुढे सुरू झाल्या. आपल्याकडे लिफ्टमध्ये माणसे एकमेकांच्या बुटांकडे पाहत उभी राहतात.

खरी कसोटी त्यानंतर होती. डिस्नेच्या मनात त्यांच्याच पात्रांभोवती फिरणारा खेळ होता. नोमुराचा हट्ट असा की, नायक नवा हवा, कोणाच्याच मालकीचा नको. त्याच्या पहिल्या चित्रात नायक सिंहासारखा होता आणि त्याच्या हातात लाकूड कापण्याचा यांत्रिक करवत होता. तो पाहून डिस्नेची मंडळी गार पडली असली पाहिजेत. करवत गेला आणि त्याच्या जागी आली एक भलीमोठी किल्ली. सिंहाचा मुलगा झाला. त्याचे नाव सोरा, म्हणजे जपानीत आकाश.

आणि मिकी माऊस? त्याच्याबद्दलची अट तर ऐकण्यासारखी आहे. पहिल्या खेळात मिकी दाखवायचा तो एकाच प्रसंगात, तोही लांबून, हात हलवताना. एखाद्याने कपाळाला हात लावला असता. नोमुराने काय केले, तर मिकीला राजा केले आणि पहिल्याच पानावर त्या राजाला हरवून टाकले! राजा एक चिठ्ठी ठेवून निघून गेला आहे, डोनाल्ड आणि गूफी त्याला शोधायला निघाले आहेत. तिकडे एका बेटावरचा सोरा वादळात घर गमावून आपल्या दोन मित्रांना शोधतो आहे. आणि हे तिघे वाटेत भेटतात. मग ॲलिसचा देश, अलादीनचे शहर, देवमाशाच्या पोटातला पिनोकिओ. प्रत्येक जगाला एक कुलूप. काळ्या सावल्यांची एक सेना माणसांची हृदये पळवीत हिंडते, आणि किल्लीने कुलूप लावीत जायचे म्हणजे ते जग वाचते. राजाचे दर्शन होते ते अगदी शेवटी, दाराच्या आतल्या बाजूला. दार दोन्ही बाजूंनी लावावे लागते, म्हणून तो आत राहतो आणि सोरा बाहेर. अडचणीचेच कथानक करून टाकणे याला मी तरी साहित्यिकाची बुद्धी म्हणतो.

हा खेळ जपानमध्ये २८ मार्च २००२ रोजी प्लेस्टेशन २ या यंत्रावर आला. जपानी भूमिका-खेळांत पूर्वी बुद्धिबळासारखे असे. तुम्ही एक डाव टाका, मग शत्रू टाकील. इथे तसे नाही. किल्ली तुमच्या हातात, घाव चुकला तर तुम्हालाच लागणार, आणि प्रत्येक चकमकीनंतर नायकाच्या अंगी थोडे बळ वाढणार. जखमा भरण्याचे काम डोनाल्डकडे. तो वेळेवर औषध देईलच असे नाही. भाच्याने त्याला दोनदा अस्सल नगरी शिव्या घातल्या. ताई स्वयंपाकघरात होती म्हणून निभावले.

एव्हाना मला एक गोष्ट आठवू लागली होती. आमचे मूळ घर राहुरी तालुक्यात. आजोबा चातुर्मासात 'भक्तविजय' वाचीत. ती पोथी रचणारे महीपती त्याच तालुक्यातल्या ताहराबादचे; १७१५ ते १७९० हा त्यांचा काळ, आणि 'भक्तविजय' पुरा झाला १७६२ साली. उत्तरेकडचे नाभाजी आणि आपल्याकडचे उद्धवचिद्घन यांच्यावरून आपण घेतले, हे महीपती मोकळेपणाने सांगतात. मग एकाच ग्रंथात ज्ञानदेव, नामदेव, कबीर, नरसी मेहता, सारे जमतात. ज्ञानदेवांची समाधी १२९६ ची, कबीर पंधराव्या शतकातला. पण पोथीत ज्ञानदेव आणि नामदेव कबीराच्या घरी पाहुणे म्हणून येतात, आणि घरात दाणा नाही म्हणून कबीराची तारांबळ उडते! लहानपणी आम्हाला त्यात काही खटकले नाही. एम.ए.ला आल्यावर खटकले, आणि पेपरात मी त्यावर तावातावाने लिहिलेही. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही त्यांची भेट व्हावी, ही ऐकणाऱ्याची हौस असते, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती.

भाच्याला हे सांगितले तर तो म्हणाला, "म्हणजे क्रॉसओव्हर!" मी म्हटले, असेल.

पण सगळेच कौतुक करण्याजोगे नाही. पहिल्या खेळानंतर एका वर्षाने स्क्वेअर आणि एनिक्स या कंपन्या एक झाल्या, आणि पुढे कथेची वाटणी सुरू झाली. २००४ चा भाग हातात धरायच्या गेम बॉय ॲडव्हान्सवर. २००५ चा दुसरा मोठा खेळ पुन्हा प्लेस्टेशनवर. २००८ पासूनचा एक भाग जपानी मोबाइल फोनवर, हप्त्याहप्त्याने. २००९ चा निन्टेन्डो डीएसवर, २०१० चा सोनीच्या पीएसपीवर, २०१२ चा थ्रीडीएसवर. बरे, हे भाग जोडकथा म्हणावेत, तर कथेचा मुख्य धागा त्यांच्यातूनच जातो. तिसरा मोठा खेळ येता येता २०१९ उजाडले. एका कादंबरीचे अध्याय सहा दुकानांत विकायला ठेवावेत आणि प्रत्येक दुकानाचा चष्मा वेगळा असावा, असा हा प्रकार. साडेतीन कोटींहून अधिक प्रती खपल्या हे खरे. पण नगरसारख्या गावातल्या मुलाने हे सारे जमवायचे कसे? भाच्याच्या हाती सगळे आले ते २०२४ साली, साध्या संगणकावर चालणाऱ्या आवृत्त्या स्टीमवर आल्या तेव्हा. तोवर तो कथा ऐकूनच जाणत होता. पात्रेही अशी, की एकाचे हृदय दुसऱ्यात, त्याची सावली तिसऱ्यात. मी वहीवर वंशावळ मांडायला घेतली आणि अर्ध्यावर सोडून दिली.

एक जागा मात्र मी विसरणार नाही. दुसऱ्या खेळाची सुरुवात सोराने होतच नाही. रोक्सास नावाचा एक मुलगा आहे, एक सायंकाळचे गाव आहे, आणि त्याच्या उन्हाळी सुट्टीचे शेवटचे काही दिवस उरले आहेत. तो मित्रांबरोबर आइस्क्रीम खातो, गावात हिंडतो. हळूहळू त्याला उमगते की हे गाव खरे नाही, आणि सोराला जाग यायची तर आपल्याला नाहीसे व्हावे लागेल. शेवटी तो जातो. सुट्टी संपली, एवढेच. भाच्याने हा भाग मला मुद्दाम दाखवला. दाखवताना तो पडद्याकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता.

मग मी विचारले, "असलं काही आपल्याकडे कोणी केलंय का?" त्याने लगेच पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे नाव काढले. त्यांच्या 'राजी' या खेळात भाऊ पळवला गेलेली एक मुलगी दुर्गेचे शस्त्र घेऊन दैत्यांशी लढते. २०१७ साली लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी २०२० साली खेळ बाजारात आला. मधली तीन वर्षे त्या लोकांनी कशी काढली असतील, हा प्रश्न मी केला. तो म्हणाला, "तेच तर शिकायचंय." मी म्हटले, "आधी बारावी." तो म्हणाला, "बारावीला नाही कोण म्हणतंय?"

रात्री दाजींचा फोन आला. "समजावलंत ना?"

"दाजी," मी म्हटले, "पोराला गोष्ट कळते. कुठे मोडली आहे तेही कळते. परीक्षा नीट देईल, पण पुढे त्याला अडवू नका."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्यांनी ताईला फोन द्यायला सांगितले.

यंदा निकाल लागला, आणि जुलैत भाचा पुण्याला गेला. दाजी माझ्याशी अजून बेताचेच बोलतात. फराळाचा डबा आला तो ताईच्या हातून. गेल्या आठवड्यात भाच्याचा मला फोन आला होता. आजोबांची पोथी राहुरीच्या घरी आहे की नगरला, आणि कबीर कितव्या अध्यायात येतो, एवढेच त्याला विचारायचे होते.