पानगळीचा हिशेब
रायगड किनाऱ्यावरील झाडे, माती आणि राब

माघ संपत आला की रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांचा रंग पालटू लागतो. मुरूड व रोहा तालुक्यांत पसरलेल्या, पूर्वी जंजिरा संस्थानच्या नबाबांचे शिकारीचे रान असलेल्या आणि १९८६ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या फणसाडच्या जंगलात साग व ऐन पिवळे-तांबूस पडतात. काटेसावर आणि पांगारा पाने टाकून लाल फुलांनी भरून जातात. पायवाटांवर पाचोळ्याचा जाड थर साचतो. पाहणाऱ्याला ही झाडांची मोठीच उधळपट्टी वाटते. आठ-नऊ महिने पोसलेली पाने महिना-दीड महिन्यात मातीत टाकून द्यावयाची आणि पुढील पावसाळ्यापूर्वी सारा संसार नव्याने मांडावयाचा!

वस्तुतः यात उधळपट्टी फारच थोडी असते. पान गळण्यापूर्वीच झाडाने त्यातील परत घेण्याजोगी द्रव्ये बहुतांशी परत घेतलेली असतात. जमिनीवर पडते ते बरेचसे रिते झालेले पान होय. हा व्यवहार केवळ वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकापुरता नाही. या पट्ट्यातील भातशेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राबासाठी झाडांचाच पाला नेत आला आहे. तो हिरवा तोडून नेला की गळल्यावर वेचून नेला, यावर डोंगराचा पुढील वर्षांचा कस अवलंबून असतो.

परतीची वाट

हिरव्या पानातील नत्राचा मोठा भाग सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करणाऱ्या प्रथिनांत गुंतलेला असतो. पावसाळा सरून जमिनीतील ओल उतरू लागली की पान राखणे झाडाला महाग पडते, कारण पानावाटे पाण्याची वाफ सतत होत राहते. अशा वेळी झाड पानातील हरितद्रव्य मोडीत काढते, प्रथिनांचे विघटन करून त्यांची अमिनो आम्ले बनविते आणि ती फांद्या, साल व मुळे यांच्याकडे धाडते. स्फुरद आणि काही अंशी पालाशही याच वाटेने माघारी जातात. हिरवा रंग ओसरल्यावर पानात मूळचाच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. शेवटी देठाच्या बुडाशी पेशींचा एक दुबळा थर तयार होतो, त्याच्या आतील बाजूस बुचासारखे आवरण धरते आणि वाऱ्याच्या साध्या झुळुकीनेही पान सुटते.

जगाच्या निरनिराळ्या भागांतील निरीक्षणांवरून असे दिसते की, नत्र व स्फुरद यांचा सरासरीने निम्मा किंवा त्याहूनही अधिक हिस्सा अशा रीतीने पान गळण्यापूर्वी परत घेतला जातो. झाडाची जात, जमीन आणि ऋतुमान यांनुसार हे प्रमाण बरेच बदलते. चुन्याची गोष्ट मात्र वेगळी. तो पेशींच्या भिंतींत पक्का बसलेला असल्यामुळे पानातून हलविता येत नाही, आणि पानाबरोबरच खाली येतो.

द्रव्यांच्या या चलनवलनाचा बागायतदारांस प्रत्यक्ष उपयोग आहे. रेवदंडा, नागाव, चौल येथील वाड्यांत माडाला पालाश कमी पडला तर त्याची खूण प्रथम खालच्या, जुन्या झावळ्यांवर उमटते, कारण झाड तेथील पालाश काढून शेंड्याकडच्या कोवळ्या झावळ्यांना देते. उलट, चुन्यासारखे न हलणारे द्रव्य कमी पडले की शेंड्याकडचा कोवळा भाग आधी बिघडतो. झावळी कोणती बिघडली आहे, एवढे नीट पाहिले तरी निदानाचे निम्मे काम होते.

परत घेतलेल्या साठ्याचे पुढे काय होते, हे चैत्र-वैशाखात दिसून येते. वरची माती कोरडी ठणठणीत असते, पावसाचे चिन्हही नसते. तरीही कुसुमाला तांबडी पालवी फुटते आणि ऐनही नव्या पानांनी झाकू लागतो. पाणी खोल गेलेली मुळे पुरवितात. परंतु या पालवीला लागणाऱ्या नत्र-स्फुरदाचा मोठा वाटा गेल्या वर्षीच्या पानांतून काढून साल व फांद्यांत ठेवलेल्या शिलकीतून येतो. साग अधिक सावध म्हणावयाचा. तो बहुधा पावसाची चाहूल लागेपर्यंत उघडाच राहतो.

मातीतील दुसरा फेरा

झाडाने जे परत घेतले नाही, ते पाचोळ्याच्या रूपाने मातीकडे जाते. उन्हाळाभर तो कोरडा थर जवळजवळ तसाच पडून असतो. त्यावर काम चालते ते मुख्यतः वाळवीचे. मृगाचा पाऊस पडताच चित्र बदलते. पानातील उरलेला पालाश कुजण्याची वाट न पाहता पहिल्याच सरींत धुऊन बाहेर पडतो. मग बुरशी, सूक्ष्मजीव, गांडुळे यांचे काम सुरू होते व नत्र-स्फुरद हळूहळू मोकळे होतात.

येथे वेळेला फार महत्त्व आहे. किनाऱ्यावर वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सारा चार महिन्यांत. जांभ्याच्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियम यांचे प्रमाण मोठे असल्याने सुटा झालेला स्फुरद त्यांच्याशी जखडला जातो, तर नत्र पाण्याबरोबर वाहून जाण्याची भीती असते. या दोहोंच्या आधी द्रव्ये पकडण्यासाठी झाडांची बारीक मुळे आणि त्यांच्यावर वाढणारी बुरशी मातीच्या वरच्या काही इंचांतच दाटी करून असतात. म्हणून पाचोळ्याचा थर खरवडून नेला, अथवा फाल्गुनात वणव्याने जळाला, तर हानी दुहेरी होते. नत्र धुराबरोबर हवेत जाते, आणि आच्छादन नाहीसे झाल्याने उरलेली राख पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्याला मिळते. देवराईत पाचोळा उचलण्याची चाल नसल्याने तेथील माती भुसभुशीत व काळसर राहते, हे शेजारच्या उघड्या माळाशी ताडून पाहिल्यास सहज कळते.

खाडीच्या काठी हा फेरा आणखी निराळा आहे. तिवर आणि कांदळ वर्षभर थोडी थोडी पाने गाळतात. गळलेले पान भरती-ओहोटीबरोबर जाण्यापूर्वीच पुष्कळदा खेकडा ते बिळात ओढून नेतो. जे वाहून जाते, तेही कुजून खाडीतील कोलंबी व मासळी यांच्या अन्नसाखळीत शिरते. कोळी बांधवांचे उत्पन्न काही अंशी या पानगळीवर उभे आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हिरवे पान तुटले तर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. उन्मळून पडलेले माड, पोफळी व आंबे यांची हानी सर्वांनी पाहिली. उभ्या राहिलेल्या झाडांचे नुकसान मात्र चटकन ध्यानी येणारे नव्हते. शिलकीतून नुकतीच फुटलेली पालवी वाऱ्याने ओरबाडली गेली होती. परतीची वाट सुरू होण्यास अजून सात-आठ महिने अवकाश असताना पान गेले, म्हणजे त्यातील नत्र-स्फुरद भरलेले असतानाच गेले. अशा झाडाला त्याच हंगामात दुसऱ्यांदा पाने काढावी लागतात, आणि तीही कमी झालेल्या साठ्यातून.

वादळ क्वचित येते. हिरव्या टहाळाची तोड मात्र दरवर्षी होऊ शकते, आणि झाडाच्या हिशेबात या दोहोंत फारसा फरक नाही.

राबाचा प्रश्न

शेण, टहाळ, गवत व पाचोळा यांचे थर रचून त्यावर थोडी माती पसरावयाची, उन्हाळ्यात तो ढीग भाजावयाचा आणि त्याच जागी भाताचे रोप टाकावयाचे, ही राबाची पद्धत. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, ज्याला १९८१ पासून रायगड हे नाव मिळाले, भातजमिनीला जोडून डोंगरउताराची वरकस जमीन असे व राबाचा पाला तेथून येई. जंगलातून टहाळ तोडण्यावर इंग्रजी राजवटीत निर्बंध आले तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेत मोठा असंतोष माजला. त्याच्या चौकशीसाठी १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. पुढे हॅरल्ड मान व त्यांचे सहकारी जोशी आणि कानिटकर यांनी राबाचा रासायनिक अभ्यास करून तो १९१२ साली प्रसिद्ध केला.

राबाला केवळ अडाणीपणा म्हणून मोडीत काढणे योग्य नव्हे. भाजल्याने तणाचे बी मरते, मातीतील काही अन्नद्रव्ये रोपाला घेता येतील अशा रूपात येतात आणि राखेतून पालाश, चुना व स्फुरद मिळतो. पावसाच्या धारेत जोमदार रोप लवकर हाती येणे हे शेतकऱ्याला मोलाचे असते.

दोष आहे तो पाल्याच्या निवडीत. हिवाळ्यात ऐनाचे टहाळ हिरवे असतानाच उतरविले जाते. उदाहरणादाखल वाळल्या वजनाच्या शंभर किलो हिरव्या पाल्यात दोन किलो नत्र धरले आणि झाडाने निम्मे परत घेतल्यावर गळालेल्या तेवढ्याच पाल्यात एक किलो धरले, तर हिरव्या तोडीमुळे झाडाचा किलोभर जादा नत्र जातो. तो शेतकऱ्यालाही मिळत नाही, कारण भाजताना नत्राचा बहुतेक भाग उडून जातो. हिरव्या पाल्याच्या राखेत स्फुरद व पालाश थोडा अधिक येतो आणि फांद्यांची आच अधिक वेळ टिकते, हे खरे. पण त्याची किंमत दरवर्षी झाड मोजते. अशी झाडे खुरटत जाऊन शेवटी नुसते खुंट उरतात.

पर्याय उपलब्ध आहेत. कोकणातील भातशेतीसाठी सुचविलेल्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळली जाते. तीत रोपाला बळकटी देणारी सिलिका आणि पालाश असतो, व तिच्यासाठी रानातील एकही फांदी तोडावी लागत नाही. याच पद्धतीतील दुसरे सूत्र गिरिपुष्पाचे. बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा हिरवा पाला लावणीपूर्वी चिखलात गाडला जातो. येथे हिरवे पान तोडणे अपायकारक ठरत नाही. गिरिपुष्प आपल्या मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र मिळविते, छाटणीनंतर जोमाने फुटते, आणि पाला जाळला न जाता गाडला गेल्याने नत्र शेतातच राहते. ज्यांना राब सोडणे लगेच शक्य नाही, त्यांनी वरकस जमिनीतील गळलेला पाचोळा वापरावा, त्यातही झाडांच्या बुंध्याभोवतीचा थर तसाच ठेवावा, आणि टहाळ घेणे भागच पडले तर एकाच झाडावर लागोपाठ दोन वर्षे कोयता चालवू नये. वरकस कोणाची किती, हा वाद पुष्कळ गावांत जुनाच आहे. परंतु कोणत्या वर्षी कोणत्या बाजूचा टहाळ घ्यावयाचा, एवढा ठराव ग्रामसभेला करता येण्याजोगा आहे.

हिरव्या व गळलेल्या पानांतील फरक शाळेतील मुलांनाही दाखविता येतो. हिवाळ्यात एकाच सागाची हिरवी आणि स्वतः गळून पडलेली पाने घेऊन ती सावलीत वाळवावी, सारख्या वजनाची करून जाळीच्या निरनिराळ्या पिशव्यांत भरावी आणि पावसाच्या सुरुवातीस झाडाखाली मातीत पुरावी. दर पंधरवड्यास एकेक जोडी काढून, माती झटकून, पुन्हा वाळवून वजन केले असता हिरव्या पानांची पिशवी साधारणतः आधी हलकी होत गेलेली आढळते, कारण सूक्ष्मजीवांना लागणारे नत्र तिच्यात अधिक असते. पिशव्यांना खुणेचा दोरा बांधण्यास मात्र विसरू नये; आषाढात त्या कोठे पुरल्या होत्या हे सापडत नाही.