साधेपणा कोणाच्या सोयीचा?

साधे यंत्र म्हणजे अडाणी यंत्र, असा शिकलेल्या मंडळींचा एक समज असतो. तीस वर्षे कामगारांत वावरल्यावर मला उलट वाटते. यंत्र साधे करावयास फार डोके लागते. दाखला दूर नको. गावोगावच्या हापशाचा घेऊ.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस देशात कठीण खडकात विंधन विहिरी घेण्याचे काम जोरात सुरू झाले. त्यांवर बसविलेले बिडाचे पंप म्हणजे परदेशी नमुन्यांच्या नकला, आणि ते नमुने आखलेले एका कुटुंबापुरते! येथे एकेका पंपावर शेकडो माणसे. सांधे झिजत, बीड फुटे आणि बायका पुन्हा घागर घेऊन ओढ्याची वाट धरीत. तोड निघाली ती जालना व सोलापूर येथील मिशनच्या कार्यशाळांतून. सोलापूरच्या पंपात बिडाऐवजी पोलाद आले, अनेक सांध्यांऐवजी एकच आस आला, आणि दांडा व सळई यांच्यामध्ये साखळी आली. साखळी फक्त ओढते, ढकलत नाही. दट्ट्या खाली नेण्याचे काम सळ्यांचे वजनच करते. सळई सरळ वर येते, वाकडी ओढली जात नाही. या सोलापुरी पंपावरूनच युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क दोन’ तयार झाला. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्यात तो बनू लागला. त्यावर कोणाचे पेटंट नव्हते; ठरलेल्या मापाबरहुकूम कोणीही बनवावा. असे लाखो पंप देशभर बसले.

येथवरची गोष्ट सर्वांना आवडते. मला महत्त्वाची वाटते ती पुढची. हा पंप बनविण्यास सोपा, हापसण्यास सोपा. पण दुरुस्तीचे काय? तळचा दट्ट्या ६३.५ मिलिमीटरचा आणि वरचा नळ ३२ मिलिमीटरचा. चामड्याचे एक वायसर झिजले, तरी सगळे लोखंडी नळ उपसून वर काढावे लागत. त्यासाठी बाहेरून गाडी यावी, अवजारे यावीत, चार धट्टीकट्टी माणसे यावीत. तोवर गावाने तहानेने वाट पाहावी. अवघडपणा गेला नव्हताच. कारखान्यातून उचलून तो दुरुस्तीवाल्या मजुराच्या आणि पाणी भरणाऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवला होता. पुढे ‘मार्क तीन’मध्ये नळच ६५ मिलिमीटरचा केला. आता नळ जागेवर राहतो आणि सळ्यांबरोबर दट्ट्या वर येतो. नळ जड झाला, महागही झाला. पण वायसर बदलण्यापुरते तरी गावातल्या माणसाला गाडीची वाट पाहावी लागत नाही.

आजच्या सॉफ्टवेअरकडेही मी याच नजरेने पाहतो. पडद्यावर एकच बटण दिसले की आपण म्हणतो, किती सोपे! रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा ठेवला की धान्य मिळते, यापरते सोपे काय असावयाचे? पण विटा वाहून ज्याच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत, त्याचा ठसा जुळला नाही तर? तेथल्या तेथे काय करता येईल, हे दुकानदाराला समजते का, आणि ते करण्याची मुभा त्याला आहे का? नसेल, तर कचेरीत खेटे घालावे लागतात, आणि प्रत्येक खेट्याला एका दिवसाची मजुरी बुडते.