गोड वास, कोरडी चव : फ्रान्सच्या शेतघरातली सोनेरी बिअर कशी पारखावी?



या पानावर आम्ही बहुधा लागण, खोडवा, पाणी आणि तोडणी यांवरच लिहितो. या वेळी विषय जरा आडवळणाचा आहे, पण तो आम्ही शोधलेला नाही. आपल्याच एका सभासदांनी पत्राने आणून दिला आहे. त्यांची लेक फ्रान्सच्या उत्तरेला लील शहरात शिकायला होती. गेल्या सप्टेंबरात शिक्षण संपवून परत आली, तेव्हा तिकडच्या खेड्यातली खास चीज म्हणून सोनेरी बिअरच्या दोन बाटल्या घेऊन आली. बाटल्या माडीवर खिडकीजवळच्या फडताळात राहिल्या. मे महिन्यात चार पाहुणे जमले आणि एक उघडली गेली.

पत्रलेखकांच्या घरी पूर्वी गुऱ्हाळ होते आणि चाळीस वर्षे त्यांनी स्वतः गूळ उतरवला आहे. ते लिहितात, "वास आला भाजक्या पावाचा, जरा मधाचा. तोंडात घेतली तर गोडीचं नाव नाही. शिवाय मागून भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास. पाहुणे म्हणाले, बिघडलीय, पोरीला फसवलं. ती म्हणते, ही अशीच असते. तिचं तोंड एवढंसं झालं. खरं कुणाचं?"

मद्यपानाची भलामण करण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी वर्ज्यच ठेवावे. पण प्रश्न पारखण्याचा आहे, आणि पारख हा आपल्या धंद्याचाच भाग आहे. "ऊस एवढा गोड, मग उतारा कमी कसा?" हा वाद दर हंगामात कार्यालयाच्या दारात होतो. जीभ एक सांगते, उपकरण दुसरे सांगते, आणि दोघांपैकी कुणी खोटे बोलत नसते. या बाटलीचेही बरेचसे तसेच आहे.

प्रथम ही वस्तू काय ते पाहू. फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेला लागून नोर आणि पा-द-काले असे दोन जिल्हे आहेत. मुलूख सपाट. तिथले प्रसिद्ध कासेलचे 'पर्वत' १७६ मीटर उंचीचे. आपल्याकडे त्याला कुणी टेकाड म्हणेल. फ्रान्स म्हटले की द्राक्षे आणि वाइन आठवते, पण या थंड पट्ट्यात पिकतात गहू, सातू आणि साखर-बीट. सप्टेंबरच्या सुमारास बीट निघाले की तिथेही गळीत सुरू होते. तेरेओस ही मोठी साखर संस्था बीट उत्पादकांच्या सहकारातूनच उभी आहे. म्हणजे बाटली परकी असली तरी गाव अगदीच परके नाही.

या भागात शेतघरातच बिअर करण्याची चाल होती. उन्हाळ्यात काढलेली बिअर आंबट होऊन फुकट जाई, कारण उष्म्यात नको ते जंतू माजतात. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला तर रसाचे काय होते ते सांगायला नकोच. म्हणून हिवाळ्यात आणि वसंताच्या तोंडाशी बिअर करून तळघरात ठेवायची आणि उन्हाळाभर पुरवायची. तिचे नावच पडले 'बिएर द गार्द', म्हणजे ठेवणीची बिअर. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात आघाडीची रेषा याच मुलखातून गेली. जर्मन सैन्याने ब्रुअऱ्यांमधली तांब्याची भांडी काढून नेली, आणि पुष्कळ ठिकाणी चूल पुन्हा पेटलीच नाही. जी थोडी घराणी टिकली किंवा नव्याने उभी राहिली त्यांच्यामुळे हा प्रकार आज आहे. झाँलँ गावची ब्रुअरी १९२२ मधली. तिची तांबूस बिअर शाम्पेनच्या बाटलीत, बुचाने बंद करून विकली जाई. पुढे लीलच्या विद्यार्थ्यांत ती लोकप्रिय झाली आणि प्रकाराला पुन्हा नाव मिळाले. तांबूस, तपकिरी आणि सोनेरी असे तिचे तीन रंग. सोनेरीला तिकडे 'ब्लोंद' म्हणतात. कासेलजवळच्या सँ-सिल्व्हेस्त्र-कापेल गावची 'त्र्वा मों', म्हणजे तीन टेकड्या, ही त्यातली एक नावाजलेली.

आता करणी. सातूला मोड आणून, वाळवून, हलके भाजून घेतात. नाचणीचे सत्व करणाऱ्या आयाबायांना ही रीत शिकवावी लागणार नाही. ते भरडून गरम पाण्यात ठेवले की मोडामुळे तयार झालेले पाचक द्रव्य पिठाची साखर करते. तो गोड काढा हॉप्स नावाच्या वेलीच्या कडवट फुलांबरोबर उकळायचा, निववायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा. इथे यीस्टला फार ऊब देत नाहीत. थंडाव्यात हळू आंबवले की फळांसारखे उग्र वास कमी येतात. नंतर थंडीत काही आठवडे, साधारण चार ते सहा, नुसती ठेवायची. तेवढ्यात ती निवळते आणि चवीला गुळगुळीत होते.

पत्रलेखकांची खरी अडचण इथून पुढे आहे. वास गोड, चव कोरडी, हे कसे?

आपल्या प्रयोगशाळेत रसाचा ब्रिक्स पाहतात. बिअरवाले जी 'प्लेटो' मोजणी करतात ती ब्रिक्सचीच सख्खी बहीण. दोन्ही एकोणिसाव्या शतकातल्या बालिंगच्या तक्त्यावरूनच निघाल्या. समजा, काढा सुरुवातीला १६ ब्रिक्सचा आहे. चांगल्या उसाच्या रसाच्या जवळपासच की. आंबवण संपल्यावर हायड्रोमीटर बुडवला तर तो ३ दाखवतो आणि मद्यार्क सुमारे ७ टक्के भरतो. मात्र हा ३ चा आकडा फसवा आहे. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका, त्यामुळे हायड्रोमीटर जास्त बुडतो. मद्यार्क बाजूला काढून हिशेब केला तर विरघळलेले घन पदार्थ सव्वापाचाच्या थोडे वर निघतात. तेही बहुतांशी डेक्स्ट्रिन, म्हणजे पिठाचे अर्धवट तुटलेले तुकडे. यीस्ट त्यांना खात नाही आणि जिभेला ते गोडही लागत नाहीत. फक्त घोटाला थोडा भरीवपणा देतात. ब्रिक्स आणि पोल यांतला फरक सभासदांना नवा नाही. ब्रिक्समध्ये सगळेच घन येते, साखर त्यातला एक भाग. या बिअरमध्ये ब्रिक्स उरतो, साखर जवळजवळ उरत नाही.

गंमत अशी की, अशा बिअरमध्ये काही कारागीर चक्क साखर घालतात आणि ती घातल्याने बिअर आणखी कोरडी होते! साखर बीटाची असो की उसाची, यीस्ट तिचे तुकडे करून संपूर्ण फस्त करते. मागे डेक्स्ट्रिनही राहत नाही. मद्यार्क वाढतो, अंग हलके होते. साखर घातली म्हणजे गोड होणार, हा हिशेब यीस्टच्या दरबारात चालत नाही.

मग तो पावाचा, मधाचा वास? तो भाजक्या धान्याचा आणि उकळीचा. नाकाने असे वास आजवर गोड पदार्थांबरोबरच ओळखलेले असतात, म्हणून ते जिभेला आगाऊ वर्दी देते. जिभेवर गोडी येत नाही आणि माणूस म्हणतो, फसवलं. पत्रलेखकांच्या चाळीस वर्षांच्या नाकाने पहिली गोष्ट अचूक टिपली आहे, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. चूक झाली ती गुळाचे माप बिअरला लावण्यात.

पारखायची रीत अशी. बाटली फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवावी. ८ ते १२ अंशांवर चव उमलते, बर्फगार असेल तर काहीच कळत नाही. ग्लास काचेचा, स्वच्छ आणि निर्लेप हवा. तेलकट बोट लागले तरी फेस बसतो. तंबाखू, पान, झणझणीत रस्सा यांच्यानंतर बसू नये. अत्तर लावून तर नाहीच. ग्लास तिसरा हिस्सा भरावा आणि सगळ्यात आधी नाक लावावे, कारण हलके वास पहिल्या मिनिटात उडून जातात. मग रंग पाहावा : सोनेरी, बऱ्यापैकी नितळ, वर पांढरा टिकाऊ फेस. नंतर लहान घोट तोंडात फिरवून गिळावा. वाइनचे परीक्षक थुंकतात, बिअरचे गिळतात; शेवटचा कडवटपणा आणि घशातून नाकाकडे जाणारा वास गिळल्याशिवाय नीट कळत नाही. (कडू चव फक्त जिभेच्या मुळाशी कळते हे जुन्या पुस्तकातले चित्र मात्र विसरावे; सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.)

सोनेरी ठेवणीच्या बिअरमध्ये शोधायचे ते असे : धान्याची गोडसर, पावासारखी चव पुढे, कडवटपणा मागे राहून आधार देणारा, घोट मऊ, बुडबुडे भरपूर, पोटात किंचित ऊब, आणि गिळल्यावर तोंड कोरडे, पण धान्याची आठवण रेंगाळणारी. तांबूस प्रकाराइतका टॉफीसारखा खमंगपणा सोनेरीत नसतो; तो नाही म्हणून गुण कापू नयेत. सीमेपलीकडच्या बेल्जियममध्ये 'सेझों' नावाची शेतघरातलीच बिअर होते. ती मिरीसारखी झणझणीत, कधी आंबूस. दोघी बहिणी, पण एकीचा स्वभाव दुसरीत शोधायचा नसतो.

गुण देण्याची एक रूढ पद्धत अमेरिकेतल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या १९८५ मधल्या संस्थेची आहे. एकूण ५० गुण : वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकूण परिणामाला १०. दिसण्याला फक्त तीन! पिवळाधमक गूळ पाहून बोली वाढवणाऱ्यांनी यावर जरा विचार करायला हरकत नाही. परीक्षकाला 'मला आवडली' असे लिहून भागत नाही. त्या प्रकाराच्या वर्णनाला बाटली किती उतरते ते सांगावे लागते.

आता दोष. लोण्याचा किंवा बटरस्कॉच गोळीचा वास आला तर यीस्टचे काम अर्धवट राहिले असे समजावे. उकडलेल्या कणसाचा वास बहुधा उकळी किंवा निववणी कमी पडल्याचा. शिरक्याचा आंबटपणा जंतूंचा. कुबट, जनावरासारखा वास म्हणजे उजेड लागला. हॉप्सच्या कडू द्रव्यावर ऊन पडले की तो येतो, आणि हिरवी किंवा पांढरी काच त्याला अडवत नाही, तपकिरी बरीच अडवते. आणि ओला पुठ्ठा? तो हवेचा आणि उष्म्याचा दोष. बाटलीत राहिलेला थोडासा प्राणवायू उष्म्यात भराभर काम करतो.

इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या प्रकाराविषयी लिहिणाऱ्यांनी बरीच वर्षे असे लिहिले की, तळघरासारखा बुरसट वास हाच या बिअरचा अस्सल गुण. वर सांगितलेल्या संस्थेच्या अलीकडच्या मार्गदर्शिकेत साफ म्हटले आहे की, हा वास ताज्या अस्सल मालाचा नव्हे; परदेशी पाठवताना हाल झालेल्या बाटल्यांचा, बुचाचा आणि हवेचा तो परिणाम आहे. म्हणजे दूरदेशी बसून जाणकारांनी दोषालाच गुण म्हणून नोंदवले. लेकीनेही कुठे तसे वाचले असेल तर तिला बोल लावण्यात अर्थ नाही.

तेव्हा आमचा निकाल असा. चव कोरडी, वास गोड : इथे लेक खरी. बनवणाऱ्याने फसवलेले नाही. तो बिअर अशीच करतो. पुठ्ठ्याचा वास : इथे पाहुण्यांचे नाक खरे, पण कारण चूक. तो वास बहुधा फ्रान्सहून आलेला नाही, आपल्या माडीवर आठ महिने आणि एक उन्हाळा काढून तयार झाला आहे. नावात 'ठेवण' असली तरी ती थंड तळघराची; खिडकीजवळच्या फडताळाची नव्हे. त्यातून सोनेरी प्रकार नाजूक, त्याचा ताजेपणा लवकर उतरतो.

एवढ्यावर घरात समाधान झाले नाही तर त्रिकोणी चाचणी करता येते. तीन सारखे ग्लास, दोघांत एकच वस्तू, तिसऱ्यात वेगळी. चाखणाऱ्याला न सांगता वेगळी ओळखायला सांगायचे. नुसत्या अंदाजाने तिघांत एकाचे बरोबर येतेच, म्हणून बारा जण असतील तर निदान आठांनी बरोबर ओळखले तरच फरक खरा मानतात. हीच चाचणी दोन गुऱ्हाळांच्या गुळावर करता येते, आणि तिला परवानाही लागत नाही.

आणखी एक सूचना पत्रलेखकांना. ही बिअर ६ ते साडेआठ टक्के मद्यार्काची असते. ७५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची बाटली म्हणजे ६० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये असतो त्याच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त. ती चौघांत वाटायची वस्तू आहे आणि नंतर कुणी मोटारसायकलला किक मारू नये.

दुसरी बाटली अजून उघडली नसेल तर ती आजच फडताळातून काढून फ्रिजमध्ये उभी ठेवावी आणि फार दिवस वाट पाहू नये. उघडताना लेकीला शेजारी बसवावे, आणि ग्लास तिच्या हाती आधी द्यावा.