गोळीविना मात्रा : फिजिओथेरपीतील व्यायामोपचार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. लिंबायत भागातील एक मावशी गुडघे धरून दवाखान्यात आल्या. वय साठीच्या आसपास, मूळ गाव खानदेशातले, सुरतेत येऊन चाळीस वर्षे झालेली. दुखणे नेहमीचेच होते. परंतु रक्ततपासणीत क्रिएटिनीन वाढलेले निघाले. चौकशी करता समजले की, गेली दोन वर्षे त्या औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणून रोज घेत होत्या. "गोळी घेतली की स्वयंपाक होतो, नाही घेतली की उठवत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या जुन्या कागदांत माझीच एक चिठ्ठी सापडली. तीवर तीन औषधांची नावे, मात्रा व वेळा व्यवस्थित लिहिल्या होत्या आणि शेवटी एकच ओळ होती : 'व्यायाम करावा.' कोणता, किती वेळा, किती आठवडे, याचा उल्लेखही नव्हता.

व्यायाम हे औषध असेल, तर त्यालाही मात्रा हवी. हा विचार नवा नाही. चरकसंहितेत व्यायामाची व्याख्या शरीराला स्थैर्य व बल देणारी क्रिया अशी करून तो मात्रेनेच करावा, असे सांगितले आहे. अतिव्यायामाचे दुष्परिणामही तेथे दिलेले आहेत. आधुनिक फिजिओथेरपीने हीच मात्रा मोजून, तपासून, प्रत्येक रुग्णासाठी निश्चित करण्याचे शास्त्र उभे केले.

आपल्या देशात या शास्त्राचे औपचारिक शिक्षण मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. त्यामागे पोलिओची साथ होती. लुळ्या पडलेल्या लहानग्यांच्या पायांवर औषध नव्हते. होते ते केवळ व्यायाम, आधार आणि चिकाटी. आज सुरतेतही नव्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात शासकीय फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. तरीही हाड मोडले किंवा पक्षाघात झाला तरच तिकडे जायचे, ही समजूत समाजात कायम आहे. म्हणून नेहमीच्या काही तक्रारींचा येथे विचार करू.

गुडघ्यांची झीज

सांध्यातील कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांध्यावर भार पडतो व उतरतो, तेव्हा त्यातील द्रवातून तिला पोषण मिळते. दुखते म्हणून हालचाल थांबवली की पोषण घटते, मांडीचा पुढचा स्नायू दुबळा होतो आणि प्रत्येक पावलाचा धक्का थेट सांध्यावर बसतो. हे दुष्टचक्र गोळीने तुटत नाही. गोळी केवळ वेदना झाकते. दीर्घकाळ घेतल्यास जठर, मूत्रपिंड व रक्तदाब यांवर परिणाम होतो तो निराळाच.

आरंभ सोपा आहे. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी व ती गुडघ्याने खाली दाबून पाच सेकंद धरावी. असे दहा वेळा, दिवसातून दोनदा. नंतर खुर्चीत बसून पाय सरळ करणे आणि हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे. गुण दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. व्यायामानंतर थोडे दुखले तर चालेल. पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते शमले नाही, तर मात्रा जास्त झाली असे समजून ती कमी करावी.

कंबर आणि मान

आपल्या शहराचे व्यवसायच या दुखण्यांचे कारण आहेत. हिऱ्याच्या घंटीवर बसणारा रत्नकलाकार तासन्‌तास मान वाकवून काम करतो. मागावरचा कारागीर बारा तासांची पाळी उभ्याने काढतो. पहिल्याने दर अर्ध्या-पाऊण तासाने हनुवटी मागे ओढून पाच सेकंद धरावी आणि दोन्ही खांद्यांची पाती मागे जवळ आणावीत. दुसऱ्याने मध्ये मध्ये टाचा उचलाव्यात. त्याने पोटऱ्यांतील रक्त वर ढकलले जाते.

कंबर धरली की पलंगावर पडून राहण्याचा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. फिनलंडमध्ये हेलसिंकी येथे झालेला व १९९५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. दोन दिवस विश्रांती घेणारे, विशिष्ट व्यायाम करणारे आणि झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे, या तीन गटांत तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला. म्हणजे तीव्र वेदनेत हिंडते-फिरते राहावे आणि वेदना ओसरल्यावर पाठीचे व पोटाचे स्नायू बळकट करावेत. त्यासाठी उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलावी व पाच सेकंद धरावी. दहा वेळा पुरे.

मधुमेह

आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातील साखर ओढून घेतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आहार व व्यायामात बदल केल्याने मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिनने सुमारे २६ टक्क्यांनी घटला. चालणे आणि गोळी येथे बरोबरीला आली. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे व दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मात्रा आहे.

मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाणही अधिक असते. टेबलाचा आधार घेऊन पुढे वाकावे व दुखरा हात लंबकाप्रमाणे हलकेच झुलवावा; भिंतीवरून बोटांनी वर चढत जावे. येथे घाई करू नये. जोर लावून खांदा ओढल्यास वेदना वाढतात.

कुशीवर वळताना येणारी भोवळ

अंथरुणात वळताच खोली गरगर फिरते आणि मिनिटभरात थांबते. अशा अनेक रुग्णांना महिनोन्‌महिने चक्करीच्या गोळ्या चालू असतात. वास्तविक आतल्या कानातील कॅल्शियमचे सूक्ष्म कण अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरल्याने ही भोवळ येते. अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांनी डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण पूर्वस्थानी आणण्याची पद्धत शोधली. तज्ज्ञाने निदान करून ती केल्यास अनेकांना एक-दोन बैठकांतच आराम पडतो.

सावधगिरी

व्यायाम सुरू केला म्हणून रक्तदाब वा मधुमेहाची औषधे स्वतःहून बंद करू नयेत. पाठदुखीसोबत पायातील शक्ती जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, ताप किंवा वजन घटणे. चालताना छातीत दुखणे. एकाच पोटरीला अचानक सूज येणे, अशा वेळी व्यायाम थांबवून त्वरित डॉक्टरांना दाखवावे. चित्रफीत पाहून दुसऱ्याचा व्यायाम उचलणे म्हणजे शेजाऱ्याची गोळी घेण्यासारखेच आहे.

मावशींची वेदनाशामके थांबविली आणि त्यांना फिजिओथेरपिस्टकडे पाठविले. मूत्रपिंडाची हानी पूर्ण भरून आली नाही. परंतु ती पुढे वाढली नाही. तीन महिन्यांनी त्या हात न टेकता खुर्चीतून उठल्या. तेव्हापासून माझ्या चिठ्ठीवर व्यायामाचे नाव, आवर्तने, वेळा आणि कालावधी औषधांच्या वरच्या ओळीत असतो. माझ्या व्यवसायबंधूंनीही तसे लिहावे, आणि कोणी नुसतेच 'व्यायाम करा' म्हटले, तर वाचकांनी निःसंकोच विचारावे : "डॉक्टर, कोणता आणि किती?"