मोठा हिरा : वजन, रंग आणि आपली आवड

रत्नपारख : लेखांक ९

जगभर ‘नाशिकचा हिरा’ म्हणून ओळखला जाणारा दगड आज ४३.३८ कॅरटचा आहे. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला, तेव्हा त्याचे वजन नव्वदच्या घरात होते. मधले वजन कुणी चोरले नाही, मालकांनी ते जाणूनबुजून घासून टाकले. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी नाव जोडलेला हा हिरा लुटीचा माल म्हणून लंडनला पोहोचला. तिथे रंडेल अँड ब्रिज या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी त्याला नव्याने पैलू पाडले आणि वजन ऐंशीच्या आसपास आले. पुढे १९४० मध्ये तो न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांच्याकडे आला. त्यांनी तो पुन्हा चाकावर चढवला आणि उरलेल्यातलेही निम्म्याजवळ वजन खर्ची घालून त्याला चौकोनी एमराल्ड कट दिला.

सोन्याची गुंज वाया गेली तरी हळहळणारे आपण. मग हिऱ्यांत मुरलेली ही माणसे चाळीस-पन्नास कॅरट धुळीला का मिळवतात? गेल्या आठवड्यात आपण नथ-कुड्यांतले बारीक हिरे पाहिले. एक-दोन कॅरटच्या वरचा दगड घ्यायचा म्हटले की गणित बदलते आणि त्याचे उत्तर याच प्रश्नात आहे.

आपल्याकडच्या जुन्या कारागिरांना वजनाचा मोह होता. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी पाहणाऱ्या ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने नोंदवले आहे की, दगड निर्मळ असला तर इथले लोक त्याला नुसते चाक लावून सोडतात आणि त्यात डाग असला तर तो झाकायला वर पैलूंची गर्दी करतात. बादशहाच्या दरबारात मोठा दगड ही दौलत होती आणि दौलतीची कड कोण घासून टाकेल? युरोपला मात्र लखलखाट हवा होता. कोहिनूर १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात मांडला तेव्हा तो पाहायला रांगा लागल्या आणि लोक हिरमुसून परतले. जुन्या मापाने १८६ कॅरटचा तो दगड काचेच्या तुकड्यासारखा मख्ख दिसत होता. दुसऱ्याच वर्षी प्रिन्स अल्बर्ट यांनी ॲमस्टरडॅमच्या कारागिरांकडून ३८ दिवसांत तो नव्याने पैलू पाडून घेतला. आजच्या मापाने तो १०५.६ कॅरटचा आहे. तो पहिल्यापेक्षा चमकतो खरा, पण वजन एवढे घटल्यामुळे अल्बर्ट स्वतःही खूश झाले नाहीत, असे म्हणतात.

ही ओढाताण आजच्या दुकानातही चालू आहे, फक्त गिऱ्हाइकाला ती दिसत नाही.

हिऱ्याचे ‘पाणी’ म्हणजे काय ते आधी पाहू. प्रकाश हिऱ्यात शिरला की जोरात वाकतो, कारण हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे. आतून बाहेर पडताना तो पृष्ठभागाला लंबापासून सुमारे साडेचोवीस अंशांहून जास्त तिरपा आदळला, तर बाहेर न पडता आरशासारखा परततो. म्हणजे खालच्या बाजूचे पैलू योग्य तिरके असले, तर वरून शिरलेला प्रकाश खाली आपटून पुन्हा वरून डोळ्यांत येतो. तळ फार सपाट किंवा फार खोल असला, तर प्रकाश खालून किंवा बाजूने निसटतो आणि दगडाच्या मधोमध काळोख बसतो. अँटवर्पच्या हिरे-घराण्यातल्या मार्सेल टोल्कोव्हस्की यांनी १९१९ मध्ये गोल ब्रिलियंट हिऱ्यासाठी हे गणित मांडले : खालचा कोन ४०.७५ अंश, वरचा ३४.५. सुरतेच्या कारखान्यांत ज्याला तळिया आणि मथाळा म्हणतात, त्या दोन भागांचे हे कोन आहेत. आज त्यात थोडे इकडेतिकडे चालते. बरेच इकडेतिकडे झाले की पाणी गेलेच.

मग कारागीर बरोबर कोनात का कापत नाहीत? कारण भाव. हिऱ्याचा दर कॅरटमागे ठरतो आणि हा दर एक, दीड, दोन, तीन, पाच अशा टप्प्यांवर उडी मारतो. कच्च्या दगडातून १.९० कॅरटचा देखणा हिरा निघत असेल आणि तळ जरा खोल ठेवून २.०१ निघत असेल, तर कारखानदार दुसरा मार्ग धरतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण गिऱ्हाईकच आल्याआल्या ‘किती कॅरट’ विचारते. मात्र ते वाढीव वजन खाली तळात किंवा गर्डलवर, म्हणजे हिऱ्याच्या कंबरेवर, जाऊन बसते आणि वरून दिसत नाही. बुडाशी जाड पातेले वजनाला भरते, पण त्यात भात जास्त शिजत नाही.

म्हणून मोठा हिरा पाहताना वजनाबरोबर मिलिमीटर विचारा. नीट कापलेला गोल हिरा एक कॅरटला साधारण ६.५ मिलिमीटर भरतो, दोनला ८.१, तीनला ९.३ आणि पाचला ११. वजन दुप्पट झाले तरी रुंदी जेमतेम चतुर्थांशाने वाढते. दोन कॅरटचा खोल दगड पावणेआठ मिलिमीटरच भरला, तर बोटावर तो पावणेदोन कॅरटच्या चांगल्या दगडाएवढाच दिसणार आणि वर त्याच्याहून मंद.

प्रमाणपत्र इथे मदत करते, पण अर्धीच. जीआयए ही संस्था २००६ पासून कटला श्रेणी देते : एक्सलंट, व्हेरी गुड अशी उतरत्या क्रमाने. ही श्रेणी नैसर्गिक हिऱ्यांत फक्त गोल ब्रिलियंटला मिळते. ओव्हल, पेअर, कुशन, एमराल्ड यांच्या प्रमाणपत्रावर पॉलिश आणि सिमेट्री लिहिलेली असते आणि लोक तेच कटचे प्रमाणपत्र समजून बसतात. पॉलिश एक्सलंट असलेला ओव्हलही मेंगळट असू शकतो. लांबट आकारांत मधोमध फुलपाखरासारखी आडवी काळी सावली पडते, तिला बाजारात बो-टाय म्हणतात. ती थोडी असली आणि हलवल्यावर उघडमीट करत असली तर शोभते. दगड कसाही फिरवला तरी ती तशीच काळी राहिली, तर तो दगड परत ठेवा. कागद हे सांगत नाही, डोळ्यांनाच पाहावे लागते.

पाहायचे कुठे, हेही महत्त्वाचे. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली काचही नाचते. दगड घेऊन खिडकीशी जा, थेट उन्हात मात्र नको. मग ट्यूबलाइटखाली, मग टेबलाच्या सावलीत पाहा. हात लांब करून पाहा, कारण लोक तुमचा हिरा तेवढ्याच अंतरावरून पाहणार आहेत. आधी तो पुसून घ्या. हिऱ्याला तेलाची भारी ओढ असते (खाणीत चुऱ्यातून हिरे वेगळे काढायला ग्रीस लावलेली फळी वापरत असत) आणि दहा हातांनी हाताळलेला उत्तम दगडही मलूल दिसतो.

आता रंग. लोक सर्वात जास्त पैसे इथे वाया घालवतात, असे माझे ठाम मत आहे.

रंगाची पट्टी डीपासून झेडपर्यंत जाते. डी, ई, एफ रंगहीन, जी ते जे जवळजवळ रंगहीन आणि के ते एम अंगात हलकी झाक असलेले. तपासणारा माणूस हिरा पालथा ठेवतो, ठरावीक प्रकाशात नमुन्याच्या खड्यांशेजारी लावतो आणि बाजूने पाहतो. आपण हिरा पालथा घालून हिंडत नाही. वरून पाहताना चांगला कट एवढा प्रकाश परतवतो की फिकट झाक त्यात लपते. उत्तम कापलेला जे हा वाईट कापलेल्या एचपेक्षा पांढरा वाटू शकतो.

पण दगड मोठा असेल तर हे लपणे कमी होते, हेही खरे. प्रकाशाला आत जास्त अंतर कापावे लागते, म्हणून तीस सेंटच्या खड्यात न दिसणारा के तीन कॅरटच्या दगडात बाजूने स्पष्ट दिसतो. आकारही बोलतो. गोल दगड रंग सर्वात चांगला दडवतो. ओव्हल आणि पेअरच्या टोकांशी रंग साचतो. एमराल्ड कटचे लांब पायऱ्यांसारखे पैलू काहीच झाकत नाहीत, ना रंग, ना आतला डाग. प्लॅटिनममध्ये एमराल्ड कट बसवायचा असेल, तर जीच्या खाली उतरताना दहादा विचार करा. तोच पैसा वापरून पिवळ्या सोन्यात गोल हिरा घडवायचा असेल, तर डीचा हट्ट फुकट आहे. सोन्याच्या नख्यांचा पिवळेपणा दगडात उतरतोच, त्या डीचा डी राहत नाही. गव्हाळ हातावर तर किंचित उबदार दगड मला बर्फासारख्या दगडाहून जास्त खुलून दिसतो.

झाक कसली आहे, ते मात्र पाहा. पिवळी झाक बहुतेक डोळ्यांना चालते, तपकिरी किंवा हिरवट झाक दगडाचा जीव घेते आणि दुधाळपणा सर्वात वाईट. मुंबईच्या बाजारात दलाल एकमेकांना ‘नो बीजीएम’ म्हणतात, म्हणजे ब्राउन नाही, ग्रीन नाही, मिल्की नाही. हा प्रश्न तुम्हीही विचारा, समोरच्याला कळते की माणूस तयारीने आला आहे. निळ्या फ्लुओरेसन्सला, म्हणजे अतिनील प्रकाशात निळसर उजळण्याला, घाबरून पळू नका. तो असलेले के-एल रंगाचे दगड दिवसाच्या उजेडात थोडे पांढरेही दिसतात आणि स्वस्तही मिळतात. फक्त दगड धुरकट नाही ना, एवढे खात्रीने पाहा.

रंग झेडच्या पलीकडे गेला की तोच दोष गुण ठरतो. १८७७ मध्ये किंबर्लीला २८७.४२ कॅरटचा पिवळा कच्चा दगड मिळाला. तो टिफनीने घेतला आणि जॉर्ज कुंझ या तरुण रत्नतज्ज्ञाच्या देखरेखीखाली पॅरिसला कापून घेतला. १२८.५४ कॅरट उरले. त्याला तब्बल ८२ पैलू पाडले ते पिवळा रंग पेटून उठावा म्हणून. निम्म्याहून जास्त वजन त्या रंगासाठी दिले.

शेवटी आवड. समजा, ट्रेमध्ये तीन गोल हिरे आहेत. पहिला ३.०१ कॅरट, रंग एच, तळ खोल, रुंदी ८.९ मिलिमीटर. दुसरा २.६०, रंग के, कट एक्सलंट, रुंदी तीच. तिसरा २.०५, रंग एफ, कट एक्सलंट, रुंदी ८.२. पहिला घेणारा तीन हा आकडा विकत घेतो आणि त्या टप्प्याचा चढा दर भरतो, बोटावर मात्र त्याला दुसऱ्याएवढाच दगड दिसतो. दुसरा आणि तिसरा यांत बरोबर-चूक काही नाही. ज्याला दवाच्या थेंबासारखे निर्मळ पाणी आवडते, त्याला केची ऊब कायम खटकत राहील आणि रोज बोटाकडे पाहून त्याची चिडचिड होईल, त्याने तिसरा घ्यावा. ज्याला हातभर अंतरावरून दिसणारा भरदार दगड हवा, त्याने दुसरा. कानांतल्या हिऱ्यांसाठी तर एवढाही विचार नको, दोन फुटांवरून जे आणि एफ कुणी वेगळे काढून दाखवावेत!

आवडीचा आणखी एक प्रकार आपल्याकडे घराघरांत पडून आहे. आजी-पणजीच्या दागिन्यांत कधीकधी जुन्या युरोपीय कटचे हिरे निघतात : मथाळा उंच, वरचा सपाट भाग लहान, तळाचे टोक कापलेले, म्हणून मधोमध बारीक वर्तुळ दिसणारे. विजेच्या दिव्यांआधी ते मेणबत्ती-समईच्या उजेडासाठी हातांनी घडले. त्यांची चमक बारीक चुरचुरीत नसते, प्रकाशाचे मोठे ठोकळे उजळतात आणि विझतात. असे दगड बरेचदा के-एलच्या खाली असतात आणि त्या कटात तो रंग मधासारखा दिसतो. ‘नवीन कट मारून देतो, एकदम चमकेल’ असे कुणी म्हणाले, तर घाई करू नका. वजन जाईल, जुनेपण जाईल आणि परत काही येणार नाही. विन्स्टनने नाशिकच्या हिऱ्याचे केले ते त्याच्या गिऱ्हाइकांच्या आवडीला धरून होते. पण तो हिरा मूळ घाटात आज कुठेच पाहता येत नाही, याची मला चुटपुट आहे.

माझा क्रम विचाराल तर असा : आधी कट, त्यात सूट नाही. मग आकार आणि कोंदण, तुमच्या हाताला शोभेल ते. त्यांना साजेल तेवढाच रंग. क्लॅरिटी नुसत्या डोळ्यांना डाग दिसणार नाही एवढी पुरे, मात्र एमराल्ड कटला थोडी जास्त. वजन सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत येईल तेवढे. दोन कॅरटच्या जागी १.९२ आला, तर खुशाल घ्या.

आणि पैसे देण्याआधी दुकानदाराकडून लूप, म्हणजे जवाहिऱ्याचे भिंग, मागून घ्या. बहुतेक प्रमाणित हिऱ्यांच्या गर्डलवर लेसरने क्रमांक कोरलेला असतो. तो प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाशी स्वतः जुळवून पाहा आणि वजन, रंग, क्लॅरिटी, प्रमाणपत्र क्रमांक हे सारे पावतीवर लिहून घ्या. पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांबद्दल.