खिजां आमच्या गावात कशी येते?

गेल्या ऑक्टोबरमध्ये पाचवीच्या वर्गात ऋतूंचा धडा शिकवत होते. फळ्यावर उर्दूत 'खिजां' लिहिले आणि मराठीत सांगितले, 'पानगळ'. पुस्तकातल्या चित्रात झाडे पिवळी-तांबडी होती, खाली पानांचा सडा होता. खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीने बाहेर पाहून विचारले, "टीचर, इथे तर सगळं हिरवंच आहे. आपल्याकडे खिजां कधी येते?"

प्रश्न बरोबर होता. आमच्या गोखिवऱ्यात ऑक्टोबरमध्ये तुंगारेश्वरचा डोंगर हिरवागारच असतो. तिथला साग पाने टाकतो ती हिवाळा सरता सरता, आणि पिंपळ तर उन्हाळ्याच्या तोंडाशी जुनी पाने टाकून लगेच तांबूस पालवी धरतो. पुस्तकातली खिजां थंड मुलखातली. आपल्याकडे या दिवसांत थंडी नव्हे, ऊन वाढते. पाऊस थांबतो, आभाळ मोकळे होते, जमीन अजून ओली असते आणि वारा समुद्राऐवजी जमिनीकडून वाहू लागतो. त्यामुळे अंगाची काहिली होते. यालाच आपण 'ऑक्टोबर हीट' म्हणतो.

मी मुलीला म्हटले, "आपल्याकडे झाडं नाही, शेतं पिवळी होतात." घरी येईपर्यंत मात्र तेच शेत डोक्यात होते.

आमचे एक एकर भातशेत होते. ऑक्टोबर आला की अब्बा विळ्यांना धार लावून आणत. हळवा भात आधी, गरवा नंतर. कापणी, भारे बांधणे, झोडणी, मग पेंढ्याची उडवी. झोडणी झाली की घरात एक दाणाही नेण्याआधी अब्बा दहावा हिस्सा बाजूला काढत. पावसाच्या पाण्यावर पिकलेल्या धान्याचा उश्र दहावा भाग, आणि खर्च करून पाणी दिले असेल तर विसावा. हा हिशेब मी मदरशात शिकण्याआधी खळ्यावर शिकले. अम्मी कधी म्हणायची, "यंदा कमी पिकलंय." अब्बा म्हणत, "कमी पिकलं तर दहावा भागही आपोआप कमीच झाला ना!"

2005 साली रमजान ऑक्टोबरमध्ये आला होता. अब्बा पन्नाशी ओलांडलेले. सहरी करून, फजर पढून शेतावर जात आणि ऊन चढायच्या आत जमेल तेवढे कापत. मी म्हटले, "अब्बा, या उन्हात रोजा ठेवून कापणी?" ते हसून म्हणाले, "पहिल्यांदा थोडीच? बहात्तर सालीही असाच आला होता." तेव्हा ते विशीचे होते. दुष्काळाचे साल ते.

नंतर मी हिशेब मांडून पाहिला. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण 33 वर्षांनी त्याच ऋतूत परततो. 1972 नंतर 2005, आणि आता 2037च्या सुमारास. म्हणजे माणसाच्या वाट्याला एका ऋतूतला रमजान फार तर दोन-तीनदा येतो. अब्बांना ऑक्टोबरचा दोनदा मिळाला. चार वर्षांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला.

शेताचे चक्र मात्र त्यांच्या डोळ्यांदेखतच बिघडले होते. 2019मध्ये अरबी समुद्रात 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' ही वादळे आली. कापून शेतात पसरलेला भात पाण्यात राहिला आणि लोंब्यांना तिथेच कोंब फुटले. अब्बा बांधावर बसून नुसते पाहत होते. पुढच्याच वर्षी हवामान खात्याने मुंबईतून पावसाळा परतण्याची सर्वसाधारण तारीख सप्टेंबरअखेरीवरून 8 ऑक्टोबरवर नेली. म्हणजे हळवा भात कापायला येतो तेव्हाही पाऊस घरी गेलेला नसतो.

भाऊ म्हणतात, आता विकून टाकू. मजूर मिळत नाहीत, आजूबाजूला भराव आणि गाळे झाल्याने पाण्याला वाट नाही. त्यांचे चूक आहे असे मला म्हणवत नाही. मी नोकरी करते, विळा ते धरतात.

पण त्या दिवशी वर्गातून आल्यावर मी भावाला एवढेच म्हटले, "भाई, विकायच्या आधी एक कापणी मुलांना दाखवू." रविवारी माझी मुलगी आणि भावाची दोन्ही मुले शेतात आली. तासाभरातच तिघांचे हात लोंब्यांनी खाजले आणि तोंडे उन्हाने लाल झाली. झोडणीच्या दिवशी अम्मीला खुर्चीवर बसवून खळ्यावर आणले. अब्बांची जुनी पायली तिने नातीच्या हातात दिली आणि म्हणाली, "नऊ घरात, दहावी बाहेर. मोज."

मुलगी मोजत होती आणि भाऊ बघत होता. विकण्याचा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही. पुढे काय होईल ते अल्लाहला ठाऊक.

सोमवारी मी त्या विद्यार्थिनीसाठी भाताच्या चार लोंब्या नेल्या. म्हटले, "ही घे आपली खिजां. आपल्याकडे ती पानं पाडत नाही, दाणे देते. आणि दिलेल्यातला हिस्सा मागते."