एकच रस्ता: भूकंपाआधी आणि भूकंपानंतर

मूकपटप्रेमींनो, सॅन फ्रान्सिस्कोच्या या दोन फिती पाठोपाठ बघाच.

पहिली, ‘अ ट्रिप डाउन मार्केट स्ट्रीट’. माइल्स बंधूंनी केबल कारच्या पुढच्या बाजूला कॅमेरा लावून ती टिपली. घोडागाड्या, मोटारी, रूळ ओलांडणारी पोरं आणि समोर फेरी बिल्डिंगचा मनोरा. ती १९०५ची असं अनेक वर्षं मानत. डेव्हिड कीन या अभ्यासकाने मोटारींच्या नंबरप्लेट आणि रस्त्यातली डबकी तपासून दाखवलं, की चित्रण भूकंपाच्या काही दिवसच आधीचं आहे!

१८ एप्रिल १९०६, पहाटे ५ वाजून १२ मिनिटं. भूकंपापाठोपाठ आग लागली, पाण्याच्या वाहिन्या फुटलेल्या. सुमारे ३,००० बळी, २८,००० इमारती नष्ट. माइल्स बंधूंचा स्टुडिओही गेला. फीत आधीच न्यूयॉर्ककडे रवाना झाल्याने बचावली.

दुसरी फीत त्याच बंधूंची, त्याच रस्त्याची, पण आता दुतर्फा ढिगारे. सुमारे नऊ मिनिटांचं हे चित्रण चक्क जुन्या बाजारात सापडलं आणि २०१८मध्ये पडद्यावर आलं.

पहिली फीत यूट्यूबवर सहज मिळते. रंग आणि आवाज चढवलेली आवृत्ती टाळा. मूळ कृष्णधवलच बघा.